एसएसएल बसवलं, तरी ‘नॉट सिक्युअर’ परत परत का येतं?

एसएसएलचं सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवणारा दाखला) बसलं, साइट एचटीटीपीएसने, म्हणजे सुरक्षित जोडणीने, उघडायला लागली, सगळे खूश. मग थोड्या दिवसांनी निरोप येतो: “गॅलरीच्या पानावर ते नॉट सिक्युअर परत यायला लागलंय, बघा जरा.” होस्टिंगवाल्याला विचारलं तर तो सांगतो, सर्टिफिकेट ठणठणीत आहे. आणि तो खरंच सांगत असतो. पान एचटीटीपीएसने आलेलं असतं, पण त्या पानाने एखादं चित्र, फाँट, स्क्रिप्ट किंवा प्लेअर साध्या एचटीटीपीने मागवलेला असतो. याला मिक्स्ड कंटेंट म्हणतात. तो एकदा काढणं फारसं अवघड नाही. डोकं खातं ते त्याचं परत येणं. कारण बहुतेक जण पानावर दिसणारा पत्ता दुरुस्त करतात, आणि तो पत्ता जिथून तयार होतो ती जागा तशीच राहते.

माझं काम मुख्यतः वर्डप्रेसवरच्या छोट्या साइटचं: शाळा, पतसंस्था, मंडळं, एखादा दिवाळी अंक. त्यामुळे उदाहरणं तिथलीच आहेत. तत्त्व कुठल्याही साइटला लागू पडेल.

आधी इशारा कोणता आहे ते नीट बघा. पान उघडतच नाही, आख्ख्या स्क्रीनभर ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ येतं, तर तो सर्टिफिकेटचा विषय. मुदत संपलेली असते (लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि आपोआप नूतनीकरण कधीतरी अडकतं), किंवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय अशा दोन नावांपैकी एकच नाव त्यात घातलेलं असतं, किंवा समोरच्याच्या फोनची तारीखच चुकलेली असते. पान उघडतं, पण पत्त्याची सुरुवातच एचटीटीपीने होते, तर रीडायरेक्ट, म्हणजे एचटीटीपीवर आलेल्याला आपोआप एचटीटीपीएसवर पाठवणं, लागलेलं नाही. क्रोम जुलै २०१८ पासून अशा प्रत्येक पानाला नॉट सिक्युअर म्हणतो. पत्ता एचटीटीपीएसचा आहे, पान उघडतंय, आणि तरीही इशारा आहे किंवा पानातलं काहीतरी गायब आहे, तर पुढे वाचा.

एक खोटी तक्रारही असते: “कुलूप गेलं!” क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये, ११७व्या आवृत्तीपासून, कुलपाचं चिन्ह काढून तिथे सरकपट्ट्यांचं चिन्ह आणलं. साइटला काहीही झालेलं नसतं. हे समजावण्यात माझे जितके फोन गेलेत तितके खऱ्या बिघाडात गेले नसतील.

ब्राउझर सगळ्या असुरक्षित गोष्टींना एका मापाने मोजत नाही, हे कळलं की लक्षणांवरून अर्धं निदान होतं. स्क्रिप्ट, स्टाइलशीट (पानाच्या दिसण्याचे नियम), फाँट, आयफ्रेम (पानात बसवलेलं दुसरं पान) यांच्याशी छेडछाड झाली तर आख्खं पान हातचं जातं, म्हणून ती सरळ अडवली जातात. फायरफॉक्स हे २०१३ मधल्या २३व्या आवृत्तीपासून करतोय. चित्र, ऑडिओ, व्हिडिओ यांच्याबाबत पूर्वी सूट होती: दाखवायचं, पण इशारा द्यायचा. आता नवे ब्राउझर त्यांचा पत्ता स्वतःच एचटीटीपीएस करून मागवतात. फायरफॉक्सने हे जून २०२४ मध्ये १२७व्या आवृत्तीत सुरू केलं, क्रोम त्याआधीपासून करतो. तो फोटो एचटीटीपीएसवर मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर फोटोच येत नाही. म्हणून एकाच पानाबद्दल तीन जण तीन तक्रारी करतात. जुन्या फोनवर इशारा येतो, नव्या लॅपटॉपवर फोटोच्या जागी फुटकी चौकट दिसते, आणि तिसऱ्याला सगळं छान दिसतं. तिघेही बरोबर असतात.

आता शोध. कॉम्प्युटरवर क्रोम घ्या आणि ते पान इन्कॉग्निटोत उघडा, म्हणजे तुमच्या एक्स्टेन्शन्सचा गोंधळ नको. एफ१२ दाबा, कन्सोलच्या टॅबवर जा, पान रीफ्रेश करा. ‘मिक्स्ड कंटेंट’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळी दिसतील. प्रत्येक ओळीत दोन पत्ते असतात: आधी पानाचा, नंतर त्या पानाने मागवलेल्या वस्तूचा. शेवटी ‘ब्लॉक्ड’ असेल तर वस्तू अडवली, ‘ऑटोमॅटिकली अपग्रेडेड’ असेल तर ब्राउझरने आपल्या वतीने निभावून नेलं. दुसऱ्या प्रकारच्या ओळीही लिहून घ्या. आज निभावतंय, पण पत्ता चुकीचाच आहे.

इथवर सगळेच येतात. पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. नेटवर्कच्या टॅबमध्ये तीच वस्तू शोधा आणि ‘इनिशिएटर’चा रकाना बघा. ती वस्तू कुणी मागवली ते तिथे लिहिलेलं असतं: पानाच्या एचटीएमएलमधली अमुक ओळ, की थीमची स्टाइलशीट, की एखाद्या प्लगइनची स्क्रिप्ट. पत्ता जिथून तयार होतो ती जागा शोधायची ती इथून.

व्ह्यू सोर्समध्ये ‘एचटीटीपी:’ शोधून धडाधड सगळं बदलायला घेऊ नका. दुसऱ्या साइटकडे नेणारी साधी लिंक एचटीटीपीची असली तरी तिच्यामुळे इशारा येत नाही, कारण ती क्लिक करेपर्यंत काहीच मागवलं जात नाही. एसव्हीजी चिन्हांच्या सुरुवातीला डब्ल्यू३ डॉट ऑर्गचा एचटीटीपी पत्ता असतो, तो नुसता ओळखीचा शिक्का आहे. त्यात एक एस घातला तर चिन्हं दिसेनाशी होऊ शकतात. फॉर्म मात्र बघा. नोंदणीचा किंवा शोधाचा फॉर्म जिथे माहिती पाठवतो तो पत्ता एचटीटीपीचा असेल, तर क्रोम ऑक्टोबर २०२० पासून, ८६व्या आवृत्तीपासून, पाठवताना मध्येच थांबवून सावध करतो. देणगीच्या किंवा प्रवेशाच्या पानावर असं झालं की माणूस तिथूनच परत जातो.

“पण रीडायरेक्ट लावलंय ना, एचटीटीपी मागितलं तरी एचटीटीपीएसच मिळेल की.” हे फार ऐकू येतं. रीडायरेक्ट सर्व्हरवर असतं, आणि स्क्रिप्टची मागणी ब्राउझर आपल्याच घरात अडवतो. ती सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, मग रीडायरेक्ट करणार कोण? एचएसटीएसचं हेडर (या साइटवर नेहमी एचटीटीपीएसनेच या, अशी सर्व्हरने ब्राउझरला दिलेली सूचना) लावूनही या दुखण्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्याचं काम वेगळं आहे. शिवाय ते सगळ्या सबडोमेनना लागू करून वर्षभराची मुदत घातली आणि एखाद्या सबडोमेनला सर्टिफिकेटच नसलं, तर तिथला नेहमीचा वाचक बाहेरच राहतो.

मराठी साइटवर सगळ्यात आधी फुटतो तो फाँट. पाच-सात वर्षांपूर्वीच्या थीममध्ये मुक्त किंवा बलू हे फाँट गूगल फाँट्सवरून मागवलेले असतात, आणि ती स्टाइलशीटची ओळ कुणीतरी एचटीटीपीने लिहिलेली असते. स्टाइलशीट अडवली गेली की विंडोजवर निर्मला किंवा मंगल हा विंडोजचाच फाँट येतो, शीर्षकं बेढब होतात, ओळी वाहून जातात. लोक म्हणतात “अक्षर बदललं”, आणि दुरुस्तीवाला फाँटचा आकार कमी-जास्त करत बसतो. दुरुस्ती एका एसची असते. अशी ओळ बहुधा थीमच्या हेडर फाइलमध्ये किंवा फंक्शन्सच्या फाइलमध्ये सापडते. ती चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर आधारलेल्या आपल्या वेगळ्या थीममध्ये) दुरुस्त करा. मूळ थीममध्ये केली तर पुढच्या अपडेटला ती पुसली जाईल आणि तुम्हाला वाटेल इशारा आपोआप परत आला. मला विचाराल तर फाँटच्या फाइली आपल्याच सर्व्हरवर ठेवाव्यात. मुक्त आणि बलू दोन्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे, खुल्या परवान्याचे आहेत, त्यामुळे अडचण नाही.

युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली जुनी पानं अजून शिल्लक असतील तर प्रकार जास्त भयंकर. तिथे मजकूर आतून रोमन अक्षरांचाच असतो, मराठी दिसतं ते केवळ फाँटमुळे. फाँटची फाइल एचटीटीपीवर राहिली की वाचकाला निव्वळ रोमन खिचडी दिसते. पत्ता दुरुस्त केला की तात्पुरतं चालेल, पण अशा पानांचं खरं औषध युनिकोडमध्ये रूपांतर हेच.

डेटाबेसचा भाग सावकाश करा, साइटचं वाट्टोळं होतं ते इथेच. वर्डप्रेस लेखात फोटो घातला की पूर्ण पत्ता साठवतो, एचटीटीपीसकट. साइट एचटीटीपीवर असताना घातलेल्या प्रत्येक फोटोचा पत्ता तसाच पडून असतो. आधी सेटिंग्जमध्ये जनरल उघडून वर्डप्रेस ॲड्रेस आणि साइट ॲड्रेस हे दोन्ही एचटीटीपीएस आहेत ना ते बघा. २०२१ च्या ५.७ आवृत्तीपासून साइट हेल्थच्या पानावर हा बदल एका बटणाने होतो, आणि लेखांमधले आपल्याच साइटचे जुने पत्ते पान दाखवताना वर्डप्रेस बदलूनही देतो. पण थीमच्या ऑप्शन्समध्ये, स्लायडरमध्ये, पेज बिल्डरमध्ये (तयार तुकडे जोडून पान बांधायच्या प्लगइनमध्ये) साठलेल्या पत्त्यांपर्यंत त्याचा हात पोचत नाही. म्हणून लेख स्वच्छ आणि मुखपृष्ठावर इशारा, अशी गंमत होते.

मग कुणीतरी पीएचपीमायॲडमिन (डेटाबेस थेट बदलायचं साधन) उघडून सरळ रिप्लेसची क्वेरी चालवतो. थांबा. थीमच्या सेटिंग्ज डेटाबेसमध्ये सीरिअलाइज करून ठेवलेल्या असतात, म्हणजे प्रत्येक मजकुराच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते. लोगोचा पत्ता २७ अक्षरांचा असेल तर आधी २७ हा आकडा असतो. तुम्ही एक एस घातला, पत्ता २८ अक्षरांचा झाला, आकडा २७ च राहिला. चेकवर आकड्यातली आणि अक्षरातली रक्कम जुळली नाही की बँक चेक परत करते, तसं पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) तो सगळा गठ्ठाच नाकारतं. लोगो, मेनूची जागा, रंग, फूटर एका झटक्यात मूळपदावर. आणि एरर कुठेच दिसत नाही.

त्याऐवजी डब्ल्यूपी-सीएलआय या, वर्डप्रेस कमांड लाइनवरून चालवायच्या साधनाची सर्च-रिप्लेस आज्ञा वापरा. ती गठ्ठा सोडते, पत्ता बदलते, आकडा दुरुस्त करते, परत बांधते. आधी बॅकअप घ्या, मग ‘ड्राय-रन’ लावून कुठल्या टेबलात किती बदल होणार ते बघा, मगच खरी चालवा. शोधायचं ते आपल्या साइटचं पूर्ण नाव एचटीटीपीसकट. नुसतं ‘एचटीटीपी’ शोधून सगळीकडे एस घातला तर बाहेरच्या, अजून एचटीटीपीवरच असलेल्या साइटच्या लिंकही मोडतात. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय अशा दोन्ही रूपांसाठी वेगवेगळी चालवा. जीयूआयडी नावाचा रकाना वगळा. तो दिसायला पत्ता असला तरी लेखाची कायमची ओळख आहे, बदलला तर काही फीड रीडर जुने लेख नवे म्हणून परत दाखवतात. होस्टिंगवर कमांड लाइन मिळत नसेल तर सीरिअलाइज्ड डेटा सांभाळणारं सर्च-रिप्लेसचं प्लगइन चालेल. काम झालं की काढून टाका.

एवढं करूनही पेज बिल्डरने बांधलेलं मुखपृष्ठ हटत नाही, कारण हे बिल्डर आपला मजकूर जेसॉन नावाच्या स्वरूपात ठेवतात आणि तिथे प्रत्येक तिरक्या रेघेआधी एक उलटी रेघ असते. तुमच्या शोधाला तो पत्ता सापडतच नाही. एलिमेंटर या बिल्डरच्या टूल्समध्ये पत्ता बदलण्याची वेगळी सोय आहे, ती वापरा. नंतर तिथूनच सीएसएस (म्हणजे स्टाइलशीट) नव्याने तयार करायला सांगा. बिल्डरने जुन्या पत्त्यांसकट सीएसएसच्या फाइली आधीच अपलोड्सच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवलेल्या असतात. डेटाबेस कितीही धुतला तरी ब्राउझर त्याच फाइली वाचतो. कॅशे प्लगइन, सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणारी सेवा) आणि ब्राउझर असे तिन्ही कॅशे (साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती) याच क्रमाने रिकामे करा आणि मगच कन्सोल परत बघा.

कधी एखादा पत्ता नाही, तर साइटच्या सगळ्याच स्टाइलशीट आणि स्क्रिप्ट एचटीटीपीने येतात आणि पान उघडंबोडकं दिसतं. त्या वेळी डेटाबेसला हात लावू नका. साइट क्लाउडफ्लेअरसारख्या, वाचक आणि आपला सर्व्हर यांच्या मध्ये बसणाऱ्या कशाच्या तरी मागे आहे का ते विचारा. वाचकापासून मधल्या सर्व्हरपर्यंत एचटीटीपीएस आणि तिथून आपल्या सर्व्हरपर्यंत साधं एचटीटीपी, अशी रचना असली की वर्डप्रेसला वाटतं आपण एचटीटीपीवरच आहोत, आणि तो तसेच पत्ते छापतो. वर सर्व्हरवर एचटीटीपीएसचं रीडायरेक्टही लावलेलं असेल तर पान गोल गोल फिरत राहतं. क्लाउडफ्लेअरमध्ये ‘फ्लेक्सिबल’ निवडलेलं असतं तेव्हा नेमकं हेच होतं. मूळ सर्व्हरवरही सर्टिफिकेट बसवा, त्यासाठी ते स्वतःचं ओरिजिन सर्टिफिकेट देतात, आणि ‘फुल स्ट्रिक्ट’ करा. दुसऱ्या कुठल्या लोड बॅलन्सरमागे (मागण्या सर्व्हरांत वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे) असाल आणि आतला भाग बदलणं हातात नसेल, तर डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये, ‘स्टॉप एडिटिंग’च्या ओळीच्या वर, एक अट घाला: एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो या हेडरमध्ये एचटीटीपीएस आलं तर पीएचपीचं एचटीटीपीएस हे चल (व्हेरिएबल) ‘ऑन’ समजायचं. त्या ओळीच्या खाली घातली तर उपयोग नाही, तोवर वर्डप्रेस सुरू झालेला असतो.

बाहेरून आणलेल्या वस्तूंचं ज्याचं त्याचं वेगळं. यूट्यूब, गूगल मॅप्स, ब्लॉगस्पॉटवरचे जुने फोटो हे सगळं एचटीटीपीएसवर मिळतं, एस घातला की काम झालं. भेट देणाऱ्यांची संख्या मोजणारे जुने काउंटर, बंद पडलेल्या साइटवरची हवामानाची चौकट, हे काढून टाका. कुणाला आठवणही येत नाही. दुसऱ्याच्या सर्व्हरवरचा फोटो थेट दाखवत असाल आणि तिथे एचटीटीपीएस नसेल, तर परवानगी घेऊन तो आपल्याकडे उतरवून घ्या.

चिवट असतो तो लाइव्ह प्लेअर. मंदिराच्या साइटवर आरतीचं प्रक्षेपण, किंवा एखादा इंटरनेट रेडिओ. स्ट्रीमिंगवाल्याने दिलेला पत्ता म्हणजे एचटीटीपी, मग आकड्यांचा आयपी, मग पोर्ट ८०००. ब्राउझर फोटो-ऑडिओचे पत्ते आपणहून सुधारतो खरा, पण आयपीचे पत्ते तो सुधारत नाही. मग कुठे आवाजच येत नाही, कुठे येतो पण इशाऱ्यासकट. तुम्ही हाताने एस घातला तरी काही होत नाही, कारण त्या पोर्टवर एचटीटीपीएस चालूच नसतं. आधी स्ट्रीमिंगवाल्याकडे नाव असलेला एचटीटीपीएस पत्ता मागा. पुष्कळदा तो असतो, फक्त कुणी विचारलेलं नसतं. नसेल आणि सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल, तर एनजिन्क्स या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ‘लाइव्ह’ अशा एखाद्या मार्गावर प्रॉक्सी (मधला दुवा) लावून प्रवाह आपल्याच नावाने, एचटीटीपीएसवर द्या, आणि त्या मार्गापुरतं बफरिंग बंद ठेवा. शेअर्ड होस्टिंगवर हे करू देत नाहीत. तिथे प्लेअर पानात न बसवता नुसती लिंक देणं बरं.

कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीच्या (पानात काय, कसं येऊ द्यायचं हे ब्राउझरला सांगणाऱ्या) हेडरमध्ये ‘अपग्रेड इनसिक्युअर रिक्वेस्ट्स’ घातलं की ब्राउझर पानातली प्रत्येक मागणी निघायच्या आधीच एचटीटीपीएस करतो, अगदी स्क्रिप्टचीसुद्धा. सर्व्हरवर हात चालत नसेल तर हे मेटा टॅगमध्येही चालतं. हजारो जुनी पानं असलेल्या साइटला याचा खरोखर आधार होतो. मी ते लावतो, पण सगळ्यात शेवटी. आधी लावलं तर कन्सोल शांत होतो आणि दुखणं कुठे आहे ते कळायचा मार्गच बंद होतो. शिवाय समोर एचटीटीपीएस नसेल तर वस्तू येत नाही, परत एचटीटीपीने मागून बघणं वगैरे काही होत नाही. पान बाहेर जाताना पत्ते बदलून देणाऱ्या प्लगइनचंही तसंच. कुणीतरी साइट हलकी करायला ते बंद करतं आणि सगळे इशारे एका रात्रीत परत हजर.

आता परत येण्याचे उरलेले रस्ते. जुना लेख कॉपी करून नवा बनवायची सवय: मागच्या वर्षीच्या कार्यक्रमाचं पान उचललं, तारीख बदलली, फोटोंचे जुने पत्ते सोबत आले. एचटीटीपीवरच्या चाचणी साइटवर बदल करून ते मूळ साइटवर ढकलणं. काहीतरी बिघडलं म्हणून सर्च-रिप्लेसच्या आधीचा बॅकअप परत चढवणं. लिहिणाऱ्यांना दरवेळी सांगून उपयोग नसतो, त्यांना पत्त्यातला एस दिसत नाही आणि दिसायची गरजही नाही. चाइल्ड थीममध्ये ‘कंटेंट सेव्ह प्री’ या फिल्टरवर चार ओळी लिहा: लेख जतन होताना आपल्या साइटचा एचटीटीपी पत्ता दिसला की एचटीटीपीएस करून मगच साठवायचा. चाचणी साइटलाही सर्टिफिकेट बसवा, फुकट मिळतं. आणि दुरुस्ती झाल्या दिवशी पूर्ण बॅकअप घेऊन त्याच्या नावातच ‘एचटीटीपीएसनंतर’ असं लिहून ठेवा. त्याआधीचे बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, म्हणजे घाईत चुकीचा चढणार नाही.

शेवटची तपासणी मुखपृष्ठापुरती ठेवू नका. एक जुना लेख, एक नवा लेख, गॅलरी, संपर्काचं पान, शोधाचे निकाल, ४०४ चं पान आणि फॉर्म भरल्यावर येणारं आभाराचं पान, एवढी कन्सोल उघडा ठेवून बघा. शेवटची दोन सहसा कुणी बघत नाही.